चौथा काटा

ते साल एकोणीसशे त्र्याहत्तर. डिसेंबरची दहा तारीख, सोमवार. वार माझ्या अजून लक्षात आहे, कारण सोमवारी पहिला तास माझा भूमितीचा असायचा आणि त्या सोमवारी तो झाला नाही. आज हे लिहायला बसायचं कारण अगदी क्षुल्लक आहे. परवा दुपारी मी सांगलीच्या या घरात, चौथ्या मजल्यावर, शेंगा निवडत बसले होते. खालच्या रस्त्यावरून उसाचा भरलेला ट्रक गेला आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीतली ताटं किणकिणली. सून म्हणाली, "ट्रक आहे आई." तोवर मी दाराच्या चौकटीत जाऊन उभी होते. मांडीवरच्या शेंगा फरशीवर पसरल्या होत्या आणि मी वर बघत होते. वर काही नव्हतं. पांढरा स्लॅब, मधोमध पंखा. तुळई नाही, वासा नाही, कुठं जोड असला तर तो गिलाव्याच्या आत. पन्नास वर्षं मी ज्या ज्या खोलीत गेले तिथं आधी वर बघितलं आहे. लग्नाच्या कार्यालयात, दवाखान्यात, मुलीच्या सासरी. लोकांना वाटतं मी देवाचं नाव घेते.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सांगलीहून बी.एड. होऊन कराडच्या पश्चिमेला एका गावच्या हायस्कुलात लागले होते. गावाचं नाव लिहीत नाही; अजून माणसं आहेत तिथं. कोयनेच्या मोठ्या भूकंपाला सहा वर्षं होत आली होती, पण जमीन पुरती शांत झाली नव्हती. महिन्या-दोन महिन्यांनी खालून घुमल्यासारखा आवाज यायचा, जात्यावर कुणी दळायला बसल्यासारखा, आणि बाकं थरथरायची. मी पहिल्यांदा किंचाळले होते. मुलं मात्र दौत बंद करून, ओळीनं, न धावता पटांगणात गेली आणि लिंबाखाली उभी राहून माझी वाट बघत राहिली. "ह्येला काय भ्यायचं बाई," एक जण म्हणाला, "ती रोजचीच हाय." ती म्हणजे जमीन. घरातल्या तापट म्हातारीबद्दल बोलावं तसं ते तिच्याबद्दल बोलायचे. भूकंपात शाळेच्या दगडी भिंती पडल्या होत्या, म्हणून नवी शाळा हलकी बांधली होती. विटांच्या कमरेएवढ्या भिंती, वर मातीनं लिंपलेला कूड, आणि लाकडी कैच्यांवर पत्रा. सगळ्यांत मोठी खोली म्हणजे सभागृह. एरवी तिथं आठवीचा वर्ग भरायचा.

सभागृहाची जागा आणि लाकूड सुभेदार लालासाहेबांनी दिलं होतं. ते शाळेचे चेअरमन. त्यांचा एकुलता मुलगा सयाजी एकाहत्तरच्या लढाईत डिसेंबरच्या दहा तारखेला गेला. समोरच्या भिंतीवर, उंचावर, त्याचा फोटो होता. गणवेशातला, पुरुषभर उंचीचा, कराडच्या स्टुडिओत मोठा करून आणलेला. मोठा करताना डोळे कुणीतरी हातानं काळे केले होते, त्यामुळं खोलीत कुठंही बसलं तरी तो आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. फळ्यावर लिहिताना माझ्या मानेवर ती नजर असायची. दर गुरुवारी त्याची आई, बनुबाई, दारात येऊन उभी राहायची. आत यायची नाही. डोक्यावरचा पदर दातात धरून पाच मिनिटं फोटोकडं बघायची आणि जायची. वर्ग तेवढा वेळ आपोआप गप्प व्हायचा. मीही खडू हातात धरून थांबायची.

नोव्हेंबरात मी त्रिकोण सुरू केला. नवी होते, उत्साह होता. पुस्तकातल्या व्याख्येपासून सुरुवात न करता मी मुलांना ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचे सोललेले तुकडे आणि बाभळीचे काटे आणायला सांगितले. गावातली पोरं त्यांच्या खेळण्यातल्या बैलगाड्या करायचीच. तीन तुकडे घ्या, टोकाला टोक लावून काटा टोचा. तीन तुकडे, तीन काटे. आता चार तुकड्यांचा चौकोन करा. आता दोन्ही दाबून बघा. चौकोन लगेच कलंडला. साठ हातांतले साठ चौकोन एका बाजूला झुकले, वर्गात हशा पिकला. "दारू प्यालाय बाई ह्यो!" मागून कुणीतरी ओरडलं. त्रिकोण मात्र हलेना. दाबला तरी हलेना. मी म्हणाले, बघा, तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. तो आपला आकार सोडत नाही. म्हणून पूल, छप्पर, जिथं भार पेलायचा तिथं त्रिकोण असतो. वर बघा. सगळ्यांनी माना वर केल्या. वर कैच्या होत्या, एकामागे एक सहा. खाली आडवी तुळई, दोन बाजूंनी चढत गेलेले वासे, मधे उभा दांडा, आणि त्या दांड्याच्या पायापासून दोन्ही वाशांच्या मध्याला टेकू देणारी दोन तिरपी लाकडं. फोटोजवळच्या पहिल्या कैचीत उजवीकडचं तिरपं लाकूड नव्हतं. मी ते बघितलं. पण तुळई, वासा आणि उभा दांडा मिळून एक मोठा त्रिकोण तिथं होताच. लहान दोनाऐवजी मोठा एक. मला काही वाटलं नाही.

घरी करायला मी दिलं: आपल्या आजूबाजूचे तीन त्रिकोण शोधा आणि काढा. निम्म्या वर्गानं देवळावरची पताका काढली, कारण ती सोपी. सुरय्याची वही वेगळी होती. सुरय्या रसूल मिस्त्रींची मुलगी. पहिल्या कैचीच्या बरोबर खाली, मुलींच्या दुसऱ्या बाकावर बसायची. बोलणं कमी, रेघ मात्र बापासारखी सरळ. तिनं बाकाखालचा तिरपा आधार काढला होता, दाराच्या फळ्यांवरची तिरकी पट्टी काढली होती, आणि खाली 'हा त्रिकोण आहे' असं लिहिलं होतं. तिसरं चित्र पहिल्या कैचीच्या उजव्या अंगाचं. त्याखाली लिहिलं होतं, 'हा त्रिकोण नाही. चार बाजू.' मी रात्रीच्या जेवणाआधी वह्या तपासत होते, भूक लागली होती, साठातली चाळिसावी वही असेल. लाल शाईनं लिहिलं: 'चूक. बाजू तीनच आहेत. नीट मोज.' आणि खाली माझी सही. ती सही मी अजूनही तशीच करते, 'ई'ची वेलांटी लांब ओढून.

वही परत मिळाल्यावर सुरय्या उभी राहिली. "बाई, ह्ये चूक न्हाई." वर्ग हसला. "मिस्त्रीची पोरगी बाईस्नी शिकवाय लागली रं!" मी तिला बसायला सांगितलं. ती बसली, पण वही मिटली नाही. माझ्या लाल अक्षरांवर तळहात ठेवून बसली. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एक हादरा आला, अगदी लहान. मुलं नेहमीसारखी उठून बाहेर गेली. मी शेवटी निघाले आणि सुरय्याच्या बाकावर लाकडाचा भुसा पडलेला बघितला. चिमूटभर, पिवळा, ताजा. दोन लाकडं एकमेकांवर घासल्यावर पडतो तसा. इतर कुठल्याच बाकावर नव्हता. मी तो बोटानं पुसला आणि बोट पदराला.

शाळा सुटल्यावर सुरय्या टेबलापाशी आली. तिच्या हातात ताटाच्या तुकड्यांचा त्रिकोण होता. "दाबा बाई." मी दाबला. उजवी बाजू मधेच मोडल्यासारखी आत वाकली. मी निरखून बघितलं तर ती बाजू दोन तुकड्यांची होती, टोकाला टोक लावून सरळ रेषेत ठेवलेली आणि मधे एक काटा टोचलेला. चौथा काटा. "वासा एका लांबीचा घावला न्हाई," ती म्हणाली, "अब्बांनी मधी जोड दिलाय. खालनं तिरपं लाकूड होतं तवर जोडाला टेकू होता. आता न्हाई. दिसायला त्रिकोण हाय, पर चार तुकडं हायत." मी वर बघितलं. जोडावर लोखंडी पट्टी होती, तिच्यावर रंग फासलेला. तिथून खाली सरळ रेघ ओढली तर ती मुलींच्या दुसऱ्या बाकावर येत होती. समोरून सयाजी बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींकडं गेले. ओसरीवर रंध्याच्या कुरळ्या सालपटांत ते बसले होते. जैनब, त्यांची बायको, पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. तिरपं लाकूड कुणी काढलं ते मी विचारलं. "मीच," ते म्हणाले. "आवं बाई, गेल्या साली फोटू लावला न् बनुबाई बघाय आल्या. दारातनं बघितलं तर ते लाकूड बरूबर पोराच्या तोंडावर आडवं येतंय. त्या जाग्यावर खाली बसल्या. म्हणल्या, माझ्या लेकराच्या तोंडावर कुणी काठी धरलीया? सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. तोंडातनं शब्द काढला न्हाई. मी शिडी आणली." त्यांनी रंधा बाजूला ठेवला. "पट्टी मारली, पर मनात धाकधूक होतीच. मग पोरीनं वही दाखवली. तुमी लिवलं होतं, चूक, त्रिकोणच हाय. म्हणलं, बाई शिकलेल्या हायत, त्या म्हणत्यात तर हाय. त्या दिशी निवांत झोपलो."

मी सांगितलं की माझीच चूक झाली. हे सांगायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. अंगणातली सावली मात्र जोत्यावर चढलेली आठवते. मिस्त्रींनी रंध्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "मग लावलं पायजे. लाकूड हाय जपून. पर येकट्याचं काम न्हवं. पट्टी खोलून वासा वर उचलाय लागंल, खालनं टेकू, चार माणसं. सुभेदारांच्या शब्दाबिगर कसं व्हायचं?"

ते सुभेदारांशी बोलले, मी हेडसरांशी. सुभेदार म्हणाले, "दहा तारीख होऊ दे रसूल, मग काय लावायचं ते लाव." हेडसर म्हणाले, "बाई, तुमचा त्रिकोण वहीत ठेवा, पत्र्यावर चढवू नका. दहा तारखेला सयाजीची पुण्यतिथी, तालुक्याची माणसं येणार, आख्खं गाव तिथं बसणार. त्यात फोटोपुढं लाकूड ठोकायचं म्हणता? सुभेदारांना कोण सांगणार, तुम्ही?" आख्खं गाव तिथं बसणार, हे ते खुशीत म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी मुलींची पहिली तीन बाकं भिंतीकडं सरकवली. कैचीखाली जमिनीचा एक मोकळा तुकडा राहिला. मुलं त्याला वळसा घालून जायची. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सहा तारखेला गुरुवार होता. सकाळी मिस्त्री शाळेच्या फाटकात उभे. "बाई, तुमी बनुबाईस्नी सांगून बघा. बाईमाणूस बाईमाणसाचं ऐकतं. त्यास्नी पटलं तर सुभेदार न्हाई म्हणायचे न्हाईत. दोन दिवसांत काम हुतंय." मी बरं म्हणाले. सुरय्यानं केलेला तो चार काट्यांचा त्रिकोण पिशवीत घातला आणि संध्याकाळी सुभेदारांच्या घरी गेले. बनुबाईंनी जाजम घातलं, गुळाचा चहा केला. घरात माणूस नव्हतं तरी त्या हळू बोलत होत्या, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तशा. सयाजीला उकडीचे दिवे आवडायचे, पोहायला गेला की डोळे लाल करून यायचा, असं काहीबाही. मग म्हणाल्या, "आता फोटू नीट दिसतूय बघा. आधी लाकूड येत हुतं मधी. झोपंतसुद्धा दिसायचं. कुणीतरी काठी उगारलीया न् ह्यो काय हात वर करीत न्हाई. ते काढलं न् मला झोप याय लागली." पिशवी माझ्या मांडीवर होती. कापडातून ताटाचा तुकडा बोटाला लागत होता, काट्याचं टोकही. मी मनात वाक्य जुळवलं. दोनदा जुळवलं. चहाची बशी रिकामी झाली. बाहेर म्हशी परतल्याचा आवाज आला आणि मी म्हणाले, "निघते मी, उशीर झाला."

मिस्त्री चावडीपाशी वाट बघत होते. सुरय्या त्यांच्या शेजारी. "काय म्हणल्या?" दोघांचे चेहरे सारखे दिसत होते, सारख्या भुवया. मी सांगू शकले असते की मला बोलता आलं नाही, उद्या पुन्हा जाते. तेवढंच सांगायचं होतं. पण मी शिकलेली बाई होते, त्यांनी मला विश्वासानं पाठवलं होतं, आणि मी चहा पिऊन परत आले होते. मी म्हणाले, "बोलले मी. नाही पटलं त्यांना."

मिस्त्रींनी मान हलवली. "तुमी तरी काय करणार," असं म्हणून ते गेले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी मी पाण्यात ज्वारीचे तुकडे तरंगताना बघत होते, बादलीत, कपडे धुताना. पिशवी झटकली तेव्हा ते पडले असावेत. उद्याच्या कार्यक्रमात मोकळ्या तुकड्यावर जाजम पडणार होतं. बायका तिथं बसणार होत्या. बनुबाई सगळ्यांत पुढं. मी ठरवलं की सकाळी लवकर जाऊन तिथं टेबल लावायचं, हारांचं टेबल, म्हणजे खाली कुणी बसणार नाही. एवढीच युक्ती मला सुचली.

सकाळी सातला मी पटांगणात शिरले तेव्हा दव होतं. सभागृहाचं दार उघडं होतं. आतून ठोकल्याचा आवाज येत होता, जपून, कापड गुंडाळलेल्या हातोडीचा. मिस्त्री पाहुणे यायच्या आत, कुणाला न विचारता, तिरपं लाकूड बसवत होते. चार माणसं कुठून आणणार? विचारलं असतं तर सुभेदारांच्या कानावर गेलं असतं. त्यांनी सुरय्याला शिडी धरायला आणलं होतं. मी दारात पोचले तेव्हा पट्टीचा शेवटचा खिळा निघाला होता आणि ते खांद्यानं वासा वर रेटत होते. लाकूड जाग्यावर जवळजवळ बसलं होतं. मला बघून ते हसले आणि म्हणाले, "झालंच बाई, येक बोटाचा फरक हाय."

जमीन हलली असं पुढं गावानं ठरवलं. मला हादरा जाणवला नाही. मला फक्त वासा मधेच आत वाकलेला दिसला, ताटाच्या तुकड्यासारखा, अगदी सावकाश. ते ओरडले, "सुरय्या, भाईर!" मग पत्रा आला. पहिली कैची, तिच्या ओढीनं दुसरी. धूळ बसल्यावर दिसलं ते असं: सुरय्या दारात, माझ्या पायाशी, हातात शिडीचा एक तुटलेला दांडा. भिंतीवर फोटो तसाच. काच फुटली नव्हती.

रसूल मिस्त्री तिसऱ्या दिवशी कराडच्या दवाखान्यात वारले. जैनब मुलीला घेऊन माहेरी गेली. सुरय्याची शाळा आठवीतच सुटली. हेडसरांनी कागदावर भूकंपाचा हादरा असं लिहिलं, मी साक्षीला सही केली. पाच वर्षांनी ते निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेले. सुभेदार लालासाहेबांनी फोटो घरी नेला आणि पुन्हा शाळेची पायरी चढले नाहीत. अठ्ठ्याहत्तर साली ते वारले. बनुबाई मला मिस्त्रींच्या चाळिसाव्याला भेटल्या. सगळ्या बायकांत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाई, तुमी त्या दिशी पिशवी मांडीवरनं खाली ठेवली न्हाई. काय हुतं पिशवीत?" मी सांगितलं. मग सगळंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तवाच का न्हाई बोलला? जित्या माणसांवर पडतंय म्हणल्यावर मी सोता शिडी धरली असती की. माझं येक गेलंय. मला कळत न्हाई व्हय?" त्यांनी हे दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. त्या नव्वद साली गेल्या. मी चौऱ्याहत्तरच्या जूनमध्येच बदली मागून सांगलीला आले, लग्न केलं, तीस वर्षं भूमिती शिकवली. ज्वारीची ताटं पुन्हा वर्गात आणली नाहीत.

सुरय्याला मिरजेत दिलं होतं, तंबोरे करणाऱ्यांच्या घरात. माझ्या घरापासून दोन कोसांवर. मला हे किती तरी वर्षं माहीत होतं. निवृत्तीनंतर एका दुपारी गेले. ती पन्नाशीच्या जवळ आलेली, चष्म्याच्या दोरीला गाठ, मांडीवर भोपळ्याचा अर्धा भाग घेऊन काठ घासत बसलेली. भुवया बापाच्या. "बाई!" म्हणाली आणि हात झटकून उठली. मी तिची वही आणली होती. त्या दिवसांत शाळेतच राहिलेली, मी जपलेली. तिनं ते पान काढलं, लाल अक्षरं वाचली आणि हसली. "मार्क वाढवलं न्हाईत व्हय अजून?" मीही हसले. बोलायचं ठरवून आले होते. चावडीपाशी मी काय सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं, एवढी दोन वाक्यं. तिनं सुनेला चहा टाकायला सांगितला. मग सुनेला माझी ओळख करून दिली. "ह्या आमच्या बाई. अब्बा शेवटपातुर नाव काढत हुते. म्हणायचे, सुभेदारांच्या घरात जाऊन असं तोंडावर बोलायचं, आख्ख्या गावात येका बाईंनी केलं. दुसऱ्या कुणाची छाती झाली न्हाई."

चहा आला. सुनेनं वाकून नमस्कार केला. सुरय्या म्हणाली, "पिशवी खाली ठेवा की बाई, निवांत बसा."

मी चहा घेतला.